माईसाहेबांना कोण सांगणार

उमरेड
९ जुलै २०२४

सुमे,

पाकीट पाहून दचकू नकोस. मी जिवंत आहे, छातीवरची शिवण सुकत आली आहे आणि जेवणात मीठ नाही. मोबाइल सौरवच्या बाबांनी काढून घेतला. डॉक्टरांनी म्हणे सांगितलंय, बोलायचं कमी आणि स्क्रीन बघायची नाही. मग टीव्ही म्हणजे काय पाटी-पेन्सिल आहे का, असं मी विचारलं, तर म्हणाले, टीव्ही लांबून बघता येतो. इन्फेक्शनच्या भीतीनं माणसंही यायची बंद केली आहेत. शेजारची दिपाली पोळ्या लाटायला येते, तेवढाच मनुष्यप्राणी.

म्हणून आपला जुना उद्योग पुन्हा सुरू करते. तू नागपुरात शुक्रवारचा पहिला खेळ बघायचीस, पेपरातल्या तुझ्या सदरात पिक्चरची सालं काढायचीस आणि छापायला न मिळालेलं सगळं मला पत्रातून पाठवायचीस. तो पिक्चर आमच्या उमरेडच्या टॉकीजला यायला तीन-चार महिने लागायचे. मग मी शाळा सुटल्यावर तो बघायचे आणि तुला खोडून काढायचे. आपण दोघींनी कितीतरी नटांची करिअरं अशी पोस्टातून संपवली, त्यांना बिचाऱ्यांना पत्ताही लागला नाही.

सध्या माझ्या नशिबात ‘नांदतं घर’ आहे. संध्याकाळी साडेसातला लागतं. बघत नसशील तर आजपासून बघ, मला भांडायला माणूस पाहिजे. त्यातल्या माईसाहेब झोपेतही नथ काढत नाहीत, ते सोडून दे. त्यांचा मोठा मुलगा राजवीर गाडीच्या अपघातात गेला आणि माईसाहेबांचं हृदय नाजूक म्हणून सगळ्या घरानं ते त्यांच्यापासून लपवलंय. मुलगा परदेशात आहे, असं सांगतात. रोज कोणीतरी खरं सांगायला त्यांच्या खोलीत जातं आणि नेमकं तेव्हाच दूध उतू जातं किंवा मागे वीज चमकते. मला सांग, हे बरोबर आहे का? पटकथा म्हणून विचारते आहे. तुझं काय म्हणणं आहे ते सविस्तर लिही.

सौरवला कंपनीनं चेन्नईला पाठवलंय, सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला. माझं ऑपरेशन झालं आणि लगेच गेला. हिंगण्याहून रोज मोटरसायकलनं येण्याजाण्याची दगदग तरी वाचली. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
गोपी

*

उमरेड
११ जुलै २०२४

सुमतीताई,

नमस्कार. फोन करणार होतो, पण घरात दोनच खोल्या, एका खोलीतलं दुसरीत ऐकू जातं. बाहेर जाऊन बोलायला लागलो तर आवाज फुटतो आणि मग काही सांगता येत नाही. म्हणून लिहितो.

गोपिकानं तुम्हाला पत्र टाकलं आहे. तिची पत्रं मी उघडत नाही, पण काय लिहिलं असेल ते माहीत आहे. ती मालिका तिच्या डोक्यात बसली आहे. मी एकदा केबलची वायर ओढून ठेवली, तर तिनं दिपालीकडून लावून घेतली.

तुम्ही सगळं जवळून पाहिलंत. ती ऑपरेशननंतर मशीनवर होती आणि दुसऱ्या दिवशी सौरव ड्यूटी संपवून तिला बघायला निघाला तो हिंगणा रोडवरच गेला. त्याची तेरवी नागपुरात, तुमच्या महालातल्या घरी झाली, शरच्चंद्ररावांनी भावासारखं सगळं केलं, ते मी विसरणार नाही. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं की तीन महिने तिला धक्का बसता कामा नये. मी चेन्नईचं सांगितलं. गल्लीतल्या सगळ्यांना हात जोडून ठेवलं आहे.

आता एकच विनंती. तिचा तुमच्या मतावर फार विश्वास. त्या मालिकेतल्या घरच्यांनी लपवलं ते बरोबर केलं, असं तुम्ही लिहा. म्हणजे पुढे कधी तिला कळलं तर माझ्यावर तिचा राग राहणार नाही. उत्तर मला घरी नको. कवडूच्या सायकल दुकानाच्या पत्त्यावर टाका.

आपला,
ताराचंद

*

महाल, नागपूर
१६ जुलै २०२४

प्रिय गोपी,

तुझं अक्षर पाहून फार बरं वाटलं. ‘नांदतं घर’ मी लगेच बघायला घेतलं. मागचे भाग आमच्या नातीनं, गार्गीनं मोबाइलवर लावून दिले. शरच्चंद्रांनी दोन दिवस सहन केलं आणि मग ते साडेसातला फिरायला जायला लागले.

तुला आश्चर्य वाटेल, पण मला मालिका वाईट वाटली नाही. आपण अशा मालिकांना फार पटकन नावं ठेवतो. माईसाहेब झालेल्या बाईंनी काम संयमानं केलंय. वीज चमकते हे खरं, पण त्याचा परिणाम होतो हेही खरं. आणि तुझा मुख्य प्रश्न. घरच्यांनी लपवलं ते मला पटतं. खरं सांगणं हे नेहमीच प्रेमाचं लक्षण नसतं. आजारी माणसाला आधी बळ येऊ द्यावं, मग सांगावं, यात त्या लेखकानं माणसाची समज दाखवली आहे. धाकटा भाऊ माईसाहेबांना औषध देताना तोंड फिरवतो, तो प्रसंग चांगला जमला आहे.

ती पोलिसांची वेब सिरीज सगळे डोक्यावर घेऊन नाचतायत, तीही मी पाहिली. चांगली आहे. शिव्या जरा जास्त आहेत, पण हल्ली तशी पद्धतच आहे.

सौरव चेन्नईला गेला हे उत्तम झालं. तिकडे कामाची शिस्त चांगली असते. तू त्याची काळजी करू नकोस. पथ्य पाळ, दुपारी झोप काढ.

तुझी,
सुमती

*

उमरेड
२२ जुलै २०२४

सुमे,

तू बरी आहेस ना? बीपी वगैरे तपासून घे एकदा. ‘त्याचा परिणाम होतो हेही खरं’ हे वाक्य तू लिहिलंस? एका सिनेमात नायिकेच्या दुःखावर ढग गडगडले म्हणून हवामान खात्याला श्रेय द्या, असं छापून आणणारी तूच ना?

तुला काय पटलं ते मला पटलेलं नाही. त्या घरात सगळे जण म्हणतात, माईसाहेबांना सहन होणार नाही. कोणी त्यांना विचारलं? बाईनं तीन पोरं वाढवली, नवऱ्याचं आजारपण काढलं, आणि आता तिला दुधाच्या भांड्यासारखं फडक्यानं झाकून ठेवलंय. लेखकाला वाटतं की आईला काही कळत नाही. पोराचं नाव काढलं की घरातली माणसं खिडकीबाहेर बघायला लागतात, हे न कळायला ती काय भिंत आहे? आमची दिपालीसुद्धा हल्ली माझ्याशी बोलताना कणकेकडे बघते.

आणखी एक गंमत सांगते. सौरवचा आवाज हे मला मोबाइलवर ऐकवतात, रेकॉर्ड केलेला. ‘आई, जेवली का वं? गोळ्या घेतल्या का? मी मस्त आहो, टेन्शन नको घेऊ.’ मागे गोंगाट आहे. आधी वाटलं, चेन्नईचा असेल. परवा पुन्हा ऐकवला तेव्हा कान देऊन ऐकलं. मागे एक माणूस ओरडतो, ‘भिवापूर, भिवापूर, चला बसा.’ चेन्नईहून भिवापूरची एसटी सुटत असेल तर सरकारनं बरीच प्रगती केली म्हणायची. मी यांना काही बोलले नाही. मी एवढंच म्हणाले, ‘पोरगं बारीक झालं वाटते आवाजावरून.’ हे हो म्हणाले आणि आंघोळीला गेले. हल्ली यांची आंघोळ फार वेळ चालते. नळ पूर्ण सोडून ठेवतात आणि पाण्याची बोंब असताना मी आतून ओरडत नाही.

तुझ्या मताची वाट बघते आहे. खऱ्या मताची.

गोपी

*

महाल, नागपूर
२६ जुलै २०२४

ताराचंद भाऊजी,

तिला शंका आली आहे. तुम्ही तिला ऐकवता तो सौरवचा जुना आवाज आपल्याकडच्या बस स्टँडवरचा आहे, तिनं मागचा कंडक्टर ओळखला. माझ्या पत्रानंही काम बिघडवलं असं मला वाटतं. तुमच्या सांगण्यावरून मी त्या मालिकेची बाजू घेतली आणि लिहिताना मला माझीच लाज वाटत होती. तिला खोटं लिहिणं मला जमत नाही. ती माझं प्रत्येक वाक्य पारखून घेते, आणि ही सवय मीच तिला लावली.

डॉक्टरांना पुन्हा विचारा. त्यांनी परवानगी दिली तर मी येते आणि सांगते. तुम्हाला बोलावं लागणार नाही. पण यापुढे असं पत्र मी लिहिणार नाही.

सुमती

*

उमरेड
३० जुलै २०२४

सुमतीताई,

पत्र मिळालं. कवडूनं दुकानाच्या मागं बसवून चहा पाजला, तिथंच वाचलं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आता तब्येत बरी आहे, घरचं कोणी सोबत असताना हळूहळू सांगायला हरकत नाही. म्हणजे डॉक्टरांची अडचण उरली नाही. हे तुमच्यापासून लपवत नाही.

अडचण माझी आहे. मी बाहेर सगळ्यांना सांगितलं. कंपनीत सांगितलं, पोलिसांत सांगितलं, सह्या केल्या. घरात मात्र एकदाही बोललो नाही. घरात तो चेन्नईत आहे. सकाळी ती विचारते, आज फोन आला का, मी म्हणतो, आला, तुझी चौकशी करत होता. ते सांगताना, ताई, मलाच घडीभर बरं वाटतं. तो काय म्हणाला असेल ते मी वाटेनं येताना ठरवत येतो. तिला सांगितलं की माझ्या घरातूनही तो जाईल. मला अजून थोडे दिवस द्या. तुम्ही येऊ नका.

ताराचंद

*

उमरेड
२७ ऑगस्ट २०२४

सुमे,

महिना झाला, तुझं पत्र नाही. तू आयुष्यात एवढी गप्प कधी बसली नाहीस. हे पत्र मी यांच्या हातून टाकत नाही, दिपालीकडे देते आहे.

पोळा चार-सहा दिवसांवर आला. सौरव दरवर्षी पोळ्याला सुट्टी काढायचाच, मग कंपनी बुडाली तरी चालेल. यंदा त्याला सुट्टी नाही, असं यांनी मला मी विचारायच्या आधीच सांगितलं.

तुझं सोळा जुलैचं पत्र मी किती वेळा वाचलं असेल. तुला आता खरं सांगते. नऊ तारखेला मी लिहिलं तेव्हा मला नुसती शंका होती. म्हणून ती मालिका तुझ्यापुढे टाकली. मी मनाशी ठरवलं होतं, सुमी या मालिकेच्या चिंध्या करेल, लपवणाऱ्यांना मूर्ख म्हणेल, लेखकाला पाण्यात बघेल, आणि तसं झालं की माझं पोरगं चेन्नईत आहे. तू चिंध्या केल्या असत्यास तर मी निवांत झोपले असते. मी पोस्टमनची वाट बघत दारात खुर्ची टाकून बसायचे. पाकीट फोडलं, आणि तू माईसाहेबांच्या कामाला संयमी म्हटलंस. त्या बाईला तू संयमी म्हटलंस, सुमे. तुझी मावशी गेली त्या आठवड्यातही तू एका टुकार सिनेमाला टुकार म्हणायला विसरली नव्हतीस. ती वेब सिरीजही तुला चांगलीच वाटली. मग माझ्या लक्षात आलं की तू मला आता दुखवू शकत नाहीस. माणूस असा कोणाशी वागतो ते मला माहीत आहे. मी पत्राची घडी घातली आणि ते उशाखाली ठेवलं. सौरव गेला, हे मला तेव्हा कळलं. बाकीचं सगळं, तो कंडक्टर, ती कणिक, त्याच्यावरचं नंतरचं शिक्कामोर्तब होतं.

तुझ्यावर मी रागावले नाही. चिडले होते दोन दिवस, ते मागच्या पत्रात तुला दिसलंच असेल. तुला कोणी लिहायला लावलं तेही मला कळतं.

आता ऐक. मी मेले नाही. माझं हृदय चालू आहे, नवीन झडप टिकटिक करते, रात्री मला ऐकू येते. रडू येतं तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवते आणि मालिकेसाठी रडते आहे असं दाखवते. हे येऊन म्हणतात, ‘कायले पाहतं वं असलं? खोटं असते ते सारं.’ आणि मग माझ्या बाजूला बसून स्वतःच डोळे पुसतात. आम्ही दोघं रोज साडेसात ते आठ राजवीरसाठी रडतो. चाळीस वर्षांचा संसार झाला आणि आमच्या पोरासाठी रडायला आम्हाला त्या भिकार मालिकेची आडोशाला गरज लागते. मला हे सहन होत नाही. आजार सहन झाला, हे होत नाही.

मी त्यांना विचारू शकते. पण मी विचारलं तर ते हो म्हणतील आणि मोकळे होणार नाहीत. त्यांना वाटेल, आपण पकडले गेलो. त्यांना ते स्वतःहून, स्वतःच्या तोंडानं सांगता आलं पाहिजे. नाहीतर हा माणूस त्या नळाखाली एक दिवस बसेल तो उठणार नाही. मला आता त्यांची भीती वाटते. पोरगा गेला, नवरा तरी राहू दे.

म्हणून तू ये. पोळा होऊ दे, सणाच्या दिवशी नको. काय करायचं ते तुला सुचेल. मला सांत्वन करायला कोणी नको आहे, तेवढं मात्र करू नकोस.

गोपी

*

महाल, नागपूर
३१ ऑगस्ट २०२४

गोपी,

बुधवारी सकाळच्या एसटीनं येते. भाऊजींना कळवलेलं नाही.

‘नांदतं घर’ ही मी पाहिलेली सर्वांत खोटी, सर्वांत भेकड मालिका आहे. त्या लेखकाला घरातलं एकही माणूस कळलेलं नाही. हे मी सोळा जुलैलाच लिहायला हवं होतं. आणि मी तसं लिहिलं असतं तर तुझा विश्वास बसला असता, हे वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुला फसवायला मला माझं खरं मतच लिहावं लागलं असतं.

सुमी

*

उमरेड
८ सप्टेंबर २०२४

सुमतीताई,

नमस्कार. बुधवारी तुम्ही आलात, पाणी घेतलंत आणि बसल्या बसल्या म्हणालात, ‘भाऊजी, तिला माहीत आहे. फक्त तुम्ही सांगायचं राहिलंय.’ आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलात. मला तुमचा इतका राग आला होता की तुम्हाला सांगत नाही. तुम्ही परत जाताना आत काय झालं ते विचारलं नाहीत. तुम्हाला ते कळायला हवं, म्हणून लिहितो.

बराच वेळ मी कूलरकडे बघत उभा होतो. ती म्हणाली, ‘बसा.’ मी बसलो. तिनं काही विचारलं नाही. टीव्ही बंद होता. मी म्हटलं, सौरव गेला. एवढंच म्हटलं तर वाटलं की घराचं छत खाली येईल. ते तसंच होतं. ती म्हणाली, ‘पहिल्यापासून सांगा.’

मग मी सांगत गेलो. फोन कोणाचा आला, कसा पोहोचलो, ट्रक कोणत्या बाजूनं आला. चेहऱ्याला काही लागलं नव्हतं, ते सांगितलं. शर्ट कोणता होता, तिनं विचारलं. निळा, चौकड्यांचा, म्हटलं. तो त्याले घट्ट होत होता, असं ती म्हणाली. तिच्यासाठी त्यानं संत्री घेतली होती, ती रस्त्यावर सांडली होती आणि पोलिसांनी मला पिशवी आणून दिली, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. ते तिला सांगितलं. तिनं माझा हात धरला. चेन्नईचे फोन मी रस्त्यानं येताना बनवत होतो, तेही सांगितलं. ती म्हणाली, ‘चांगले बनवत होते तुमी. तो असाच बोलते.’

नंतर तिनं विचारलं, स्मशानघाटावर कोण कोण होतं. मी नावं घेतली. शरच्चंद्रराव होते, तुम्ही होता, कवडू होता. कंपनीतली पोरं ड्यूटी सोडून आली होती. उमरेडहून दोन जीप भरून माणसं आली, त्याच्या शाळेतले मित्र आले. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती. मी म्हटलं, सगळे होते.

‘मी नव्हती,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, तू मशीनवर होतीस, तोंडात नळी होती, तुला शुद्ध कुठं होती.

‘मले हलवून तं पाहाचं होतं,’ ती म्हणाली. ‘मी उठली असती.’

आपला,
ताराचंद